मऊ उतरायचा हट्ट

ज्या महिन्यांत माझा मुलगा माझ्याशी बोलत नव्हता, त्या महिन्यांत मी आमच्या ग्रामदेवीशी फार बोलत होतो. बोलणं तरी कसलं, सरळ भांडणच होतं. मुंबईतल्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसायचं, समोरच्या भिंतीकडे बघत राहायचं आणि मनातल्या मनात तिला विचारायचं, की बाई, आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं? तिच्याकडून उत्तर यायचं नाही. खाटेवरच्या रुपेशकडूनही यायचं नाही. दोन्ही दारांना कुलूप आणि मधे मी, अशी गत होती. पुढे जे घडलं ते लिहून काढा, असं बरेच जण म्हणाले. मी लिहिणारा माणूस नव्हे. जन्मभर लाल गाडीचा ड्रायव्हर होतो, लांज्याहून सुटायचं आणि घाट चढायचे-उतरायचे, एवढंच मला येतं. चमत्कार म्हणून काही सांगत नाही. जसं घडलं तसं सांगतो, त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

रुपेश आमचा एकुलता एक. जहाजावर फिटर होता. आमच्या वाडीतले बरेच तरणे मुंबईला आणि थोडे बोटीवर, त्यातला तो. परदेशी बंदरात जहाज लागलेलं असताना मालाच्या खणात तोल जाऊन पडला आणि मणका मोडला. तिथे एक ऑपरेशन झालं, मग त्याला मुंबईला आणलं. मुंबईत कळलं की पाठीत बसवलेल्या सळ्यांतली एक हलली आहे, म्हणून पुन्हा ऑपरेशन. कंबरेखाली त्याला काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पायात थोडी ताकद येईल किंवा येणार नाही, वाट बघा. ते आम्ही गिळलं. माणूस कितीही मोठा घास गिळतो, वेळ आली की. पण दुसऱ्या ऑपरेशननंतर तो बोलायचाच थांबला, ते काही गिळता येईना. हा मुलगा सुट्टीवर आला की अख्खी वाडी आमच्या पडवीत जमायची. जहाजावरचा स्वयंपाकी कसा भांडला, कुठल्या बंदरात कसला मासा खाल्ला, एकेक गोष्ट मीठमसाला लावून सांगायचा. त्याच्या आईला म्हणायचा, "तू ऐकत राहा गो, मी थांबायचो नाही." तो आता भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. दुखतंय का विचारलं तरी गप्प. पाणी पुढे केलं की दोन घोट घ्यायचा आणि मान वळवायचा. गळ्यात दोष नाही, मन मिटलंय, असं डॉक्टर म्हणाले.

सुरुवातीला त्याची आई माझ्याबरोबर होती. पण तिचे गुडघे आणि रक्तदाब दोन्हींनी असहकार पुकारला, शिवाय घरी गुरं शेजाऱ्यांच्या जिवावर किती दिवस ठेवणार. ती गावी गेली आणि मी एकटा उरलो. त्या दिवसांची मला नीट आठवणही नाही. थकवा हाही एक आजारच असतो, फक्त त्याला कोणी खाट देत नाही. रुपेशच्या खाटेखाली चटई टाकून झोपायचं, नर्स आली की उठायचं, त्याला कुशीवर वळवायला हात लावायचा, पुन्हा आडवं व्हायचं. केव्हा केव्हा वाटायचं की आता हे संपावं. काय संपावं ते मात्र मी मनात पुढे बोलत नसे. शेवटी मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं, याला इथे ठेवून उपयोग नाही, रत्नागिरीत मालिशवाले, व्यायामवाले चांगले आहेत, तिथल्या हॉस्पिटलात काही दिवस ठेवा आणि मग घरी न्या. स्वतःच्या माणसांत, स्वतःच्या हवेत राहिला तर मन उघडेल. मात्र एक गोष्ट त्यांनी बोट वर करून बजावली. पाठीतला सांधा अजून कच्चा आहे, त्याला धक्का लागता कामा नये.

धक्का हा शब्द माझ्या डोक्यात त्या दिवशी घुसला तो घुसलाच. महामार्ग मला पाठ आहे. कुठे काम अर्धवट आहे, कुठे वळवलेला रस्ता आहे, कुठे खड्डा चुकवायला गेलं की दुसऱ्यात जातो, सगळं डोळ्यांपुढे. तिथून कच्च्या पाठीच्या मुलाला अॅम्ब्युलन्समधून आणायचं म्हणजे जाणूनबुजून आगीत हात घालायचा. रेल्वेत स्ट्रेचर चढवायचं तर दारात वाकडं करावं लागतं. रुपेशच्या जहाज कंपनीचा विमा होता, त्यातून शेवटी लहान विमान ठरलं. एका बाजूच्या खुर्च्या काढून तिथे स्ट्रेचर बसवतात, बरोबर एक डॉक्टर असतो, आणि घरातलं एक माणूस बसू शकतं. आकाशात खड्डे नाहीत, एवढंच मी तेव्हा समजलो होतो. गाडीत गर्भार बाई बसलेली असली की मी घाट असा उतरायचो की तिच्या मांडीवरची टोपली हलायची नाही. त्याचा मला केवढा ताठा होता. आता माझ्याच मुलाला न्यायचं तर गाडी दुसऱ्याच्या हातात.

निघायच्या दिवशी सकाळी गावी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं की गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवीपुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने तिला मागणं सांगतो, आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीनंतर "होय महाराजा" म्हणतात. गाऱ्हाण्याला गावातला प्रत्येक जण हजर असावा लागतो असं नाही, पण मुलाच्या बापाने ऐकलं पाहिजे म्हणून रुपेशच्या आईने फोन लावला आणि देवळात धरून उभी राहिली. आमचे गावकर तात्या वयाने माझ्याहून मोठे, आवाज अजून खणखणीत. त्यांनी सुरुवात केली. "गे माय माऊली, तुझा लेकरू आज आकाशाच्या वाटेन घरी येतोय. वाटेत काय वाकडा-तिकडा असेल ता सरळ कर, कोणाची नजर लागली असेल ती काढ, आणि त्याला सुखरूप तुझ्या पायाशी आण." मागून लोकांचा आवाज आला, होय महाराजा. मी व्हरांड्यात फोन कानाला लावून ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं की धक्क्याचं राहिलं.

मी फोनवरूनच ओरडलो, "तात्या, धक्का लागू नये म्हणून सांगा. ते राहिलं."

"अरे, सुखरूप बोललो ना मी? त्यात सगळा आला," तात्या म्हणाले.

"नाही, वेगळं सांगा. उतरताना धक्का लागू नये, असं स्पष्ट सांगा."

देवळात कुजबूज झाली. घातलेलं गाऱ्हाणं कोणी परत पाठवत नाही. ते काही शिंप्याकडचं पोलकं नव्हे, हात सैल झाला म्हणून उसवून द्यायला. तात्या म्हणाले, "तू देवीला गाडी चालवायला शिकवतोस काय रे?" कोणीतरी हसलं. पण बापाची अवस्था त्यांना कळत होती, म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून गाऱ्हाणं घातलं, मी सांगितलं तसं, धक्क्याच्या कलमासकट. लोकही पुन्हा होय महाराजा म्हणाले, जरा कंटाळूनच. मला बरं वाटलं. वाटलं, आता देवी बांधली गेली.

विमानतळावर मी तेच केलं. दोन वैमानिक होते. मुख्य कॅप्टन म्हणजे चाळिशीतल्या एक बाई, बोलण्यावरून नागपूरकडच्या, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली झोप न झाल्याची काळी वर्तुळं. दुसरा तरुण होता. मी बाईंपुढे हात जोडून म्हणालो, "मॅडम, मी पण ड्रायव्हरच. माझ्या पोराच्या पाठीत कच्चा सांधा आहे. उतरवताना फूल ठेवल्यासारखं उतरवा, धक्का लागू देऊ नका." त्या म्हणाल्या, "प्रयत्न करते, काका." प्रयत्न हा शब्द मला आवडला नाही. स्ट्रेचर आत चढवताना मी पुन्हा सांगितलं. पट्टा लावायच्या आधी तिसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कळलं मला. बसा तुम्ही." आज आठवलं की लाजच वाटते. माझ्या गाडीत कोणी असं तीन वेळा बजावलं असतं तर मी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवला असता.

निघायचं होतं दुपारी, पण अॅम्ब्युलन्स वाहतुकीत अडकली, मग कुठल्याशा परवानग्या, मग आमच्या आधी मोठी विमानं. आम्ही वर गेलो तेव्हा सूर्य समुद्राला टेकला होता. हिवाळ्याचे दिवस, पटकन अंधारतं. विमान एवढं लहान की मी हात लांब केला असता तर वैमानिकांच्या खुर्चीपर्यंत पोचला असता. मधे पडदा होता तोही बाजूला सारलेला. पुढे हिरवे-पिवळे आकडे चमकत होते आणि काचेपलीकडे काही नाही. माझ्या शेजारी रुपेश पट्ट्यांनी बांधलेला, डोळे उघडे, छताकडे. त्याच्या उशाशी तरुण डॉक्टर. मी रुपेशचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही. कोरडा, गार हात. मी त्याला म्हणालो, "घरी चाललो रे आपण. आई वाट बघते." त्याने पापणीसुद्धा हलवली नाही. मला त्या क्षणी असं वाटलं, देव मला माफ करो, की मी मुलगा घरी नेत नाहीये, काहीतरी दुसरंच नेतो आहे.

रत्नागिरी जवळ आली तशी विमान हलू लागलं. दिवसा निरभ्र असलेलं आकाश संध्याकाळी बदललं होतं, अवकाळी ढग किनाऱ्यावर येऊन बसले होते. डॉक्टर म्हणाला की खाली वारा आहे आणि पाऊसही पडतोय. आकाशात खड्डे नसतात ही माझी समजूत तिथे संपली. विमान एकदम खाली बसायचं, पुन्हा वर उचललं जायचं. खाली काळोख होता आणि त्या काळोखात लांबवर दिव्यांचा पुंजका, बहुधा मिरकरवाडा बंदराचे मासेमारीचे ट्रॉलर. एकदा मला वाटलं ते आपल्या वर आहेत आणि आकाश खाली. माझा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता. तिथे ब्रेक नाही हे माहीत असून मी दाबत होतो. तोंडाने तात्यांचं गाऱ्हाणं चालू होतं, एकेक कलम. वारा थांबव, पाऊस थांबव, बाईंच्या हाताला यश दे, धक्का लागू देऊ नको, धक्का लागू देऊ नको.

धावपट्टीचे दिवे समोर दिसले, पण सरळ नाहीत, तिरपे. एकदा डावीकडे सरकायचे, एकदा उजवीकडे. विमान खाली खाली आलं. चाकं आता टेकतील, आता टेकतील, असं वाटत होतं आणि टेकत नव्हती. बाजूचे दिवे भराभर मागे जात होते. गाडी उताराला लागलीय आणि चालक तिला थांबवतच नाहीये, तसं मला झालं. मी ओरडणार एवढ्यात इंजिनांचा आवाज एकदम वाढला, माझी पाठ खुर्चीला चिकटली आणि दिवे खाली राहिले. आम्ही पुन्हा वर, काळोखात. मी समजलो संपलं सगळं. थोड्या वेळाने बाईंचा आवाज आला, अगदी शांत, थकलेला. "काका, घाबरू नका. जमत नव्हतं म्हणून सोडलं. एकदा फिरून येतो. या वेळीही नाही जमलं तर मुंबईला परत."

मुंबईला परत. तोच व्हरांडा, तीच चटई, तीच भिंत. मी रुपेशकडे बघितलं. तो छताकडेच बघत होता. आणि माझ्या आत काहीतरी सुटलं. धीर सुटला म्हणा, हट्ट सुटला म्हणा, मला फरक कळला नाही तेव्हा. मला गाऱ्हाणं आठवेना. वारा, पाऊस, हाताला यश, सगळी कलमं विसरलो. तोंड उघडलं की मागणी बाहेर यायची, ती येईना. इतका दमलो होतो की मागायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. मग लोक मागे उभे राहून जे म्हणतात तेवढंच उरलं. होय महाराजा. कशाला होय, ते माहीत नाही. काय मागितलं आहे, कोणी मागितलं आहे, काही माहीत नाही. लहानपणी बापाच्या पायाशी उभा राहून गाऱ्हाणं न कळता नुसतं होय म्हणायचो, तसंच. होय महाराजा, होय महाराजा. विमान वळलं, दिवे पुन्हा समोर आले, पुन्हा तिरपे. माझा पाय कधी पत्र्यावरून उचलला गेला ते कळलं नाही. मी पट्ट्यातून जमेल तेवढा वाकलो आणि रुपेशच्या छातीवर हात आडवा टाकला.

मग आदळलो. टेकलो वगैरे नाही, आदळलो. नांगर धोंड्यावर बसावा तसा खणकन आवाज झाला, डॉक्टरची पिशवी उडून माझ्या पायावर पडली, माझे दात एकमेकांवर आपटले. विमान एका अंगाला झुकलं, सरळ झालं, बाहेर पाण्याचे फवारे, इंजिनं ओरडत होती, सगळा सांगाडा थरथरत होता. आणि माझ्या मनात एकच, लागला. धक्का लागला. ज्यासाठी विमान केलं, ज्यासाठी देवीला दोनदा साकडं घातलं, ज्यासाठी बाईंच्या तीन वेळा पाया पडलो, तोच लागला, आणि असा की महामार्गावरच्या सगळ्या खड्ड्यांनी मिळून दिला नसता. विमान थांबलं. मी डोळे मिटून घेतले होते. मला रुपेशकडे बघायची हिंमत नव्हती.

"बाबा," आवाज आला, "ही पण तुमच्याच डेपोची गाडी दिसते."

मला वाटलं डॉक्टर बोलला. डोळे उघडले तर रुपेश माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे, छताकडे नाही. ओठ कोरडे पडले होते, कपाळावर घाम होता. "हात काढा ना," तो म्हणाला, "छातीवर किती भार टाकलाय. मणक्याने नाही मेलो तर तुम्ही मारणार." मी हात काढला. तो हसायला लागला, म्हणजे हसण्यासारखा आवाज यायला लागला, आणि तसाच हसता हसता रडायला लागला, मोठ्याने, गळा काढून, लहानपणी पडला की रडायचा तसा. डॉक्टर त्याची पाठ, पाय, बोटं तपासत होता, दुखतंय का, कुठे दुखतंय, विचारत होता, आणि हा रडत रडत त्याला सांगत होता, इथे दुखतंय, इथे नाही, हो, पाठीत कळ आली, हो, खूप जोरात आली. इतक्या दिवसांत तो एवढी वाक्यं बोलला नव्हता. डॉक्टर म्हणाला सांधा हलल्यासारखा वाटत नाही, उद्या फोटो काढून खात्री करू. दुसऱ्या दिवशीच्या फोटोतही सळ्या होत्या तिथेच होत्या. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला सळ्यांचं काही पडलं नव्हतं. माझा मुलगा माझी थट्टा करत होता.

अॅम्ब्युलन्स यायला वेळ लागला. पाऊस भुरभुरत होता. रुपेश डॉक्टरसोबत आतच होता, गाडी येईपर्यंत मी विमानाच्या पंखाखाली उभा राहिलो, आणि कॅप्टनबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या चाकांकडे बघत होत्या. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता, पण त्यांना वाटलं असावं. म्हणाल्या, "काका, सॉरी. मोठा धक्का बसला." मी म्हणालो, असू द्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "पहिल्या वेळी तुमचंच ऐकत होते मी. मुलाला लागू नये म्हणून अगदी मऊ टेकवायचं ठरवलं होतं. विमान टेकायच्या आधीच तरंगत पुढे जायला लागलं. आडवा वारा, ओली धावपट्टी. आणखी थोडं तसंच मऊ मऊ करत राहिले असते तर पट्टी संपली असती आणि आपण पलीकडच्या कातळात गेलो असतो. म्हणून सोडलं. दुसऱ्या वेळी ठरवलं, आज मऊ नाही. अशा दिवशी विमान घट्ट टेकवायचं असतं, चाकांनी जमीन पकडली पाहिजे." चाकांवरची नजर काढून त्या म्हणाल्या, "मला ते आधीच माहीत होतं. पण तुम्ही हात जोडलेत ना, ते डोळ्यांसमोरून जाईना." त्यांचा चेहरा इतका दमलेला होता की मला आमच्या रात्रपाळीच्या ड्रायव्हरांची आठवण झाली. मी पुन्हा हात जोडले. या वेळी मागायला काही नव्हतं.

अॅम्ब्युलन्समध्ये बसल्यावर मला खरी भीती वाटली. उशिरा कळलेली भीती फार वाईट. मला कळत होतं की मी ज्या धक्क्यापासून पोराला वाचवायला धडपडत होतो, त्या धडपडीनेच आम्हाला सगळ्यांना कातळावर नेऊन आपटलं असतं. माझं शेवटपर्यंत ऐकलं असतं तर आम्ही गेलो असतो. ऐकलं नाही म्हणून वाचलो. बाईंनी ऐकलं नाही आणि देवीनेही ऐकलं नाही, आणि त्या दोघींत मला आजही फार फरक करता येत नाही. तात्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखी तंबाखू मळत म्हटलं, "पहिला गाऱ्हाणाच ऐकलान तिने. दुसरा तुझा होता." एवढं बोलून ते गुरांकडे गेले.

रुपेशने बऱ्याच दिवसांनी मला सांगितलं, एका दुपारी पडवीत, मी काही न विचारता. "बाबा, हॉस्पिटलात तुम्ही सगळे मला काचेच्या भांड्यासारखं उचलायचात. हळू, हळू, धक्का नको. मला वाटायचं मी मेलोय आणि हे लोक मला अजून कोणाला सांगत नाहीत. बोलून काय करायचं? त्या विमानात पहिल्यांदा खाली गेलो आणि परत वर आलो ना, तेव्हा मला भीती वाटली. मरायची भीती वाटली. आणि मग आदळलो, आणि कळ आली, आणि मी जिवंत होतो. इतका राग आला मला, आणि इतकं हसू आलं." मी ऐकत होतो. त्याच्या आईने आतून हाक मारली, काय झाला म्हणून, आणि आम्ही दोघेही म्हणालो, काही नाही.

त्याचे पाय अजून उठत नाहीत. डाव्या पायाचा अंगठा थोडा हलतो. कधी जास्त हलतो, कधी रुसून बसतो. पुढे काय होईल ते डॉक्टरांनाही माहीत नाही. मीही थकलोच आहे. रात्री त्याला कुशीवर वळवायला उठावं लागतं, सकाळी अंघोळ, मालिश, आणि माझे खांदे आता तरुण राहिलेले नाहीत. भक्ती म्हणजे सगळं गोड होतं असं कोणी सांगितलं तर मी त्याला आमच्याकडे आठवडाभर राहायला बोलावीन. पण मी देवीशी भांडत नाही आता. सकाळी देवळात जातो, हात जोडतो, आणि मागायचं सुचत नाही. तिने मला जे दिलं ते मी मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं होतं ते तिने दिलं असतं तर आज मी हे लिहायला नसतो. आपलं काम गाडी नीट ठेवायची आणि वाटेवर डोळे ठेवायचे. कुठे, कसं उतरवायचं ते तिचं. हे मला कळायला एवढा मोठा दणका लागला, ही माझी जाड बुद्धी.

आठवड्यातून दोनदा त्याला व्यायामासाठी रत्नागिरीला न्यावं लागतं. पुतण्याची जुनी व्हॅन आहे, मागची सीट काढून त्याच्यासाठी गादी टाकलीय, आणि चालवतो मीच. महामार्ग अजून तसाच आहे. हळू चालवतो, खड्डे चुकवतो, पण सगळे चुकत नाहीत आणि मी त्यासाठी जीवही काढत नाही. परवा हातखंब्याच्या अलीकडे एका खड्ड्यात व्हॅन अशी बसली की माझी चप्पल पायातून निघाली. मागून रुपेश ओरडला, "ओ बाबा! डोळे आहेत का बटणं? जन्मभर लोकांना हेच दिलंत काय?" आणि मग रत्नागिरी येईपर्यंत त्याची बडबड थांबली नाही, माझं ड्रायव्हिंग, रस्ता, ठेकेदार, सगळ्यांचा उद्धार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, समोरचं नीट दिसेना. मी व्हॅन बाजूला घेतली. "आता काय झालं?" तो म्हणाला. मी म्हणालो, "काही नाही रे. तू बोल."